ग्रंथपाल किती वर्षांत तयार होतो?

मापन शिकवताना आपण मुलांना एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो. दोन वस्तूंची तुलना करायची असेल तर एकक एकच हवे. एकाने वितीने मोजले आणि दुसऱ्याने फूटपट्टीने, तर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिता येतात, पण त्यांतून काही कळत नाही. मुलांना हे चटकन पटते. एखादा मुलगा उठून म्हणतो, "पण सर, माझी वीत आणि माझ्या दादाची वीत तरी कुठे सारखी आहे?" त्या क्षणी निम्मा धडा झालेला असतो.

मोठी माणसे मात्र हा धडा विसरतात. निरनिराळ्या देशांतल्या शिक्षणाची तुलना करणारे तक्ते पाहिले की हे फार जाणवते. अमुक देशात पदवी तीन वर्षांची, तमुक देशात चार वर्षांची, म्हणून तमुक देश पुढे, असे निष्कर्ष काढले जातात. या लेखात आम्ही अशाच एका तुलनेकडे थोडे बारकाईने पाहणार आहोत. विषय आहे ग्रंथालयशास्त्राचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण.

विज्ञान शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? कित्येक शाळांत ती आपल्यापैकीच कोणाकडे तरी असते. बऱ्याचदा विज्ञानाच्या शिक्षकाकडेच असते, कारण "तुमच्याकडे प्रयोगशाळेचे कपाट आहेच, हेही सांभाळा." ग्रंथपाल म्हणजे कोण आणि तो कसा घडतो, हा प्रश्न म्हणून आपल्या घरचा आहे.

तक्ता काय सांगतो

ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'इफ्ला' या नावाने ओळखला जातो. या विषयाचे शिक्षण जगात कुठे कुठे मिळते याची एक मोठी निर्देशिका इफ्लाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली आहे. 'वर्ल्ड गाइड टु लायब्ररी, आर्काइव्ह अँड इन्फर्मेशन सायन्स एज्युकेशन' हे तिचे नाव, आणि तिची तिसरी, सुधारलेली आवृत्ती २००७ मध्ये निघाली. तीत ९०० हून अधिक संस्था आणि १५०० हून अधिक अभ्यासक्रम नोंदलेले आहेत. संस्थेची स्थापना कधी झाली, प्रवेशाची अट काय, मुदत किती, अशी माहिती देशवार दिलेली आहे. एवढी माहिती गोळा करणे हे चिकाटीचे काम आहे. कोणाला परदेशी शिकायला जायचे असेल तर अशी निर्देशिका उपयोगी पडते. निर्देशिकेने जे करावे ते हा ग्रंथ करतो, याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती अशा निर्देशिकांच्या वापराबद्दल. त्यांतल्या ओळी उचलून तक्ता करायचा आणि तो तक्ता म्हणजेच तुलना असे मानायचे, ही सवय फार पसरलेली आहे. आम्हीही काही वर्षांपूर्वी फळ्यावर असा तक्ता मांडला होता. देश, प्रवेशाची अट, मुदत आणि पदवीचे नाव असे चार रकाने त्यात होते.

अमेरिकेच्या ओळीत आले, कोणत्याही विषयातली पदवी आणि त्यानंतर एक ते दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. भारताच्या ओळीत, कोणत्याही शाखेची पदवी, त्यानंतर एक वर्षाची ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आणि आणखी एक वर्षाची पदव्युत्तर पदवी. काही विद्यापीठांत ही दोन्ही वर्षे जोडून सलग अभ्यासक्रम केलेला आहे. ब्रिटनमध्ये पदवीनंतर पूर्ण वेळ एक वर्ष. जपानमध्ये 'शिशो', म्हणजे ग्रंथपाल, या पात्रतेसाठी महाविद्यालयात शिकता शिकताच पुरे करायचे २४ श्रेयांक. जर्मनीच्या ओळीत मात्र खडू अडखळला. तिथे एका ओळीत मावेल असे उत्तरच नव्हते.

हा तक्ता सरळ वाचला तर काय दिसते? भारत आणि अमेरिका एका पातळीवर, ब्रिटन किंचित मागे आणि जपान फारच मागे. हा निष्कर्ष कुठे आणि का चुकतो, ते एकेका देशाच्या वाटेने पाहू.

पदव्युत्तर पदवी आली कुठून?

अमेरिकेत ग्रंथपालनाची पहिली शाळा मेल्व्हिल ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात जानेवारी १८८७ मध्ये सुरू केली. दशांश वर्गीकरण पद्धतीचे कर्ते ते हेच. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १७ स्त्रिया होत्या. कोलंबियाच्या चालकांना स्त्रियांचा प्रवेश पसंत नव्हता. दोन वर्षांतच, १८८९ मध्ये, शाळा तिथून उठून ऑल्बनीला राज्य ग्रंथालयात गेली. तेव्हा या शिक्षणाचे स्वरूप कारागिरीचे होते. नोंदी कशा करायच्या, कार्डे कशी लिहायची, पुस्तके कशी लावायची, हे हाताने करून शिकायचे.

पुढे कार्नेगी निधीच्या पैशातून गावोगावी ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत बसवायला माणसे अपुरी पडू लागली. शिक्षणाची स्थिती पाहण्याचे काम चार्ल्स विल्यमसन या अर्थशास्त्राच्या जाणकाराकडे आले. त्यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुख्य म्हणणे दोन होते. ग्रंथालयातले कारकुनी काम आणि व्यावसायिक काम वेगळे करा. आणि व्यावसायिक शिक्षण ग्रंथालयांकडून काढून विद्यापीठांकडे द्या, प्रवेशाला पदवीची अट ठेवा. १९२८ मध्ये शिकागो विद्यापीठात या विषयाची उच्च शाळा सुरू झाली आणि संशोधनाला तिथे मानाचे स्थान मिळाले. शेवटी अमेरिकन ग्रंथालय संघाने १९५१ मध्ये जी मानके ठरवली, त्यांनी पदव्युत्तर पदवी हीच या व्यवसायाची पहिली पायरी केली.

हा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. "एवढे ज्ञान मिळवायला इतकी वर्षे लागतात" असे मोजमाप करून ही मुदत ठरलेली नाही. ग्रंथपालाला वकील आणि डॉक्टर यांच्या बरोबरीने विद्यापीठात स्थान मिळावे, या धडपडीतून ती ठरली आहे. ती धडपड योग्यच होती, कारण या व्यवसायात स्त्रिया बहुसंख्य होत्या आणि त्यांना पगार व मान दोन्ही कमी मिळत. पण तक्त्यातला 'पदव्युत्तर' हा शब्द ज्ञानाची खोली सांगतो असे समजणे बरोबर नाही. तो आधी सामाजिक दर्जा सांगतो.

शिवाय विद्यापीठात जाण्याचा दुसरा परिणामही झाला. विद्यापीठाच्या घरात राहायचे तर विद्यापीठाचे हिशेबही सोसावे लागतात. शिकागोची शाळा १९८९ मध्ये बंद झाली. कोलंबियाची शाळा १९२६ मध्ये विद्यापीठात परत आली होती, ती १९९२ मध्ये बंद झाली. इतर काही शाळांनी नावातून 'ग्रंथालय' हा शब्द काढून फक्त 'माहिती' ठेवला. मिशिगन विद्यापीठाच्या शाळेने १९९६ मध्ये असे केले. नाव बदलले की शिकवायचे विषयही सरकतात. संगणक आणि विदा यांना जागा मिळते. तेही हवेच आहेत. पण मुलाच्या हातात पुस्तक देण्याची विद्या त्या नव्या नावाखाली किती उरली, हे तक्त्यातून कळत नाही.

अमेरिकेच्या व्यवस्थेतली जमेची बाजू आमच्या मते मुदतीत नाही, तपासणीत आहे. अभ्यासक्रमाला मान्यता देण्याचे काम तिथे व्यवसायाची संघटना करते. विद्यापीठाने पदवी दिली तरी संघाची मान्यता नसेल तर अनेक ठिकाणी ती नोकरीसाठी चालत नाही. ब्रिटनमध्येही व्यवसायाची संघटना अभ्यासक्रम तपासते. शिवाय तिथे पदवी मिळाल्यावर काही काळ प्रत्यक्ष काम करून, आपल्या कामाचा लेखाजोखा सादर करून 'सनदी' ग्रंथपाल होता येते. म्हणजे ब्रिटनच्या एका वर्षापुढे, तक्त्यात न दिसणारा, नोकरीत शिकण्याचा एक टप्पा असू शकतो.

आधी जागा, मग शिक्षण

युरोप खंडावर पाहिले तर विचाराची दिशाच उलटी दिसते. तिथे 'कोणती पदवी' याआधी 'कोणत्या जागेसाठी' हा प्रश्न येतो.

जर्मनीत हा विषय जुना आहे. 'ग्रंथालयशास्त्र' या अर्थाचा जर्मन शब्द मार्टिन श्रेटिंगर यांनी १८०८ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नावात वापरला. १८८६ मध्ये ग्योटिंगन विद्यापीठात कार्ल झात्सको यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण झाले, म्हणजे ड्यूईंच्या शाळेच्याही एक वर्ष आधी. मात्र तिथली व्यवस्था सरकारी नोकरीच्या श्रेणींवर उभी राहिली. शास्त्रीय ग्रंथालयातल्या वरच्या श्रेणीच्या जागेसाठी उमेदवार आधी रसायन, इतिहास किंवा कायदा अशा एखाद्या विषयात पूर्ण शिकलेला असतो, पुष्कळदा पीएच.डी.सुद्धा झालेला असतो. त्यानंतर परंपरेने त्याला सुमारे दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. त्यातला काही काळ ग्रंथालयात काम, काही काळ वर्ग. मधल्या श्रेणीसाठी उपयोजित शिक्षण देणाऱ्या उच्च संस्थांतली पदवी आहे. आणि देवघेव, नोंदणी वगैरे कामांसाठी तीन वर्षांचा शिकाऊ अभ्यासक्रम आहे. त्याचे आजचे रूप १९९८ पासूनचे. त्यात शिकणारा ग्रंथालयात कामही करतो आणि व्यवसाय शाळेतही जातो.

आता सांगा, जर्मनीच्या ओळीत काय लिहायचे? दोन वर्षे, तीन वर्षे, की आधीची सहासात वर्षे धरून नऊ? विज्ञान शिक्षकांना यात एक गोष्ट विशेष वाटावी. रसायनशास्त्राची पुस्तके कोणती घ्यायची हे तिथल्या मोठ्या ग्रंथालयात रसायनशास्त्र शिकलेला माणूस ठरवतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांतही असे विषय जाणणारे ग्रंथपाल असतात. पण जर्मनीत ती प्रवेशाचीच अट होऊन बसली आहे.

फ्रान्समध्ये ही गोष्ट आणखी स्पष्ट आहे. जुनी हस्तलिखिते आणि दप्तरे वाचणारे तज्ज्ञ घडवणारी 'एकोल दे शार्त' ही संस्था १८२१ पासूनची. आज मोठ्या ग्रंथालयांचे 'कॉन्झर्व्हातर' राष्ट्रीय स्पर्धा परीक्षेतून निवडले जातात. निवड झाल्यावर ते लिऑंजवळच्या व्हिलरबान इथल्या 'एन्सिब' या राष्ट्रीय शाळेत अठरा महिने शिकतात, आणि शिकत असताना त्यांना पगार मिळतो. म्हणजे नोकरी आधी, शिक्षण नंतर. जागा नसेल तर प्रवेशही नाही. याला दुसरी बाजू आहेच. अशी व्यवस्था मोजक्याच माणसांना दार उघडते आणि परीक्षेत हुशार असलेलेच आत येतात. वाचकाशी बोलण्याची हातोटी स्पर्धा परीक्षेत कशी कळणार? पण शिकलेला माणूस रिकामा फिरतो आहे आणि जागा रिकामी पडली आहे, असा प्रसंग त्या श्रेणीत तरी सहसा येत नाही.

जपान: शिक्षण आहे, जागा नाही

आता जपानकडे वळू. आमच्या फळ्यावर हा देश सगळ्यांत मागे पडला होता, आणि शिक्षकांनी सर्वांत जास्त शिकावे असा देशही हाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अंमलाच्या काळात जपानमध्ये ग्रंथालयांची नवी घडी बसली. १९५० मध्ये ग्रंथालय कायदा झाला. १९५१ मध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठात अमेरिकन ग्रंथालय संघाच्या मदतीने ग्रंथालयशास्त्राची शाळा निघाली. रॉबर्ट गिटलर हे अमेरिकन तिचे पहिले प्रमुख होते. पण अमेरिकेसारखी पदव्युत्तर पदवीची अट जपानने घेतली नाही. विद्यार्थ्याने कोणताही विषय शिकावा आणि सोबत ग्रंथालयाचे ठरलेले श्रेयांक पुरे करावेत, ही पद्धत रुजली. त्यामुळे ही पात्रता मिळवणारे पुष्कळ होतात आणि त्यांतले फार थोडे ग्रंथपाल म्हणून कामाला लागतात.

खरी बोधप्रद गोष्ट शाळांची आहे. १९५३ मध्ये जपानने शालेय ग्रंथालय कायदा केला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे, आणि ते चालवायला 'शिशो क्योयु', म्हणजे ग्रंथपालनाचे जादा शिक्षण घेतलेला शिक्षक असला पाहिजे, असे कायद्याने सांगितले. इतक्या लवकर असा कायदा फार थोड्या देशांनी केला असेल. शिक्षकाने नेमून दिलेल्या विषयांचे श्रेयांक पुरे करायचे, असे शिक्षणही ठरले. पण कायद्याच्या शेवटी एक छोटे कलम होते. 'तूर्त' असा शिक्षक नेमला नाही तरी चालेल, अशा अर्थाचे.

हे 'तूर्त' किती वर्षे चालले? सुमारे पन्नास. १९९७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि बारा किंवा अधिक वर्ग असलेल्या शाळांना एप्रिल २००३ पासून असा शिक्षक नेमणे बंधनकारक झाले. लहान शाळांची सवलत कायम राहिली. आणि नेमलेल्या शिक्षकाकडेही बहुधा वर्गाचे तास असतातच. ग्रंथालयासाठी वेगळा वेळ मिळेलच असे नाही. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने 'शालेय ग्रंथपाल' या वेगळ्या कर्मचाऱ्याचा कायद्यात उल्लेख आला, पण त्याच्या नेमणुकीबाबत 'प्रयत्न करावा' अशीच भाषा आहे.

अर्धे शतक जपानमध्ये अभ्यासक्रम होता, पुस्तके होती, कायदा होता. नव्हती ती जागा आणि वेळ. तक्त्यात 'मुदत' असा रकाना असतो, 'शिकून झाल्यावर काम मिळते का' असा रकाना नसतो. ही उणीव किती मोठी आहे ते जपानवरून कळते.

आपली गोष्ट

भारतात या शिक्षणाची सुरुवात एका मराठी राजाच्या संस्थानात झाली, हे पुष्कळांना माहीत नसते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बोलावून घेतले आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला. संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झालेलेच होते. वाचायला शिकलेल्या माणसाला वाचायला काही हवे, तर गावोगावी वाचनालये आणि फिरत्या पुस्तकपेट्या हव्यात, आणि त्या चालवायला माणसे हवीत, असा तो सरळ हिशेब होता. इथे शिक्षण जागेच्या पोटातून जन्माला आले होते.

दुसरी वाट मद्रासची. एस. आर. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकण्यासाठी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथपालन शाळेत गेले. ही शाळा १९१९ मध्ये निघालेली होती. तिथे त्यांनी वर्गात जेवढे शिकले त्याहून अधिक ब्रिटनमधली ग्रंथालये फिरून शिकले. १०० हून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली असे सांगतात. परतल्यावर १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने उन्हाळी वर्ग सुरू केला आणि १९३१ मध्ये तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. स्वातंत्र्याच्या सुमारास दिल्ली विद्यापीठात या विषयाचा विभाग निघाला. पुढे विद्यापीठामागून विद्यापीठांत अभ्यासक्रम उघडले. १९८९ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाने ही पदवी द्यायला सुरुवात केली, तेव्हा नोकरी करणाऱ्या कित्येकांना, विशेषतः लहान गावांतल्यांना, दार उघडले.

म्हणजे कागदावर आपण अमेरिकेची पायरी गाठली. पदवीनंतर दोन वर्षे तिथे आणि दोन वर्षे इथे. पण आपण पायरी घेतली, तिच्यामागची तपासणी घेतली नाही. आपल्याकडे या व्यवसायाची अशी संघटना नाही, की जिच्या मान्यतेवाचून अभ्यासक्रम चालू नये. विद्यापीठ आपला अभ्यासक्रम ठरवते, आपणच शिकवते आणि आपणच परीक्षा घेते. फ्रान्सची 'आधी जागा' ही पद्धतही आपण घेतली नाही. घेतले ते नाव आणि मुदत, म्हणजे नेमके जे तक्त्यात दिसते तेच.

याचा परिणाम शिकवण्यात कसा दिसतो, त्याचे एक उदाहरण देतो. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पुस्तकांची शीर्षके दिलेली असतात. विद्यार्थ्याने प्रत्येकाला वर्गांक द्यायचा असतो. मुंग्यांवरचे पुस्तक आले तर ड्यूई पद्धतीने ५९५.७९६ असा अंक बरोबर यायला हवा. हे कौशल्य खरे आहे, त्याला कमी लेखू नये. त्यावाचून दहा हजार पुस्तकांत एक पुस्तक सापडणार नाही. पण या परीक्षेत वाचक कुठेच नसतो. चौथीतली मुलगी येऊन "मुंग्या रांगेत का चालतात?" असे विचारते, तेव्हा तिला काय द्यायचे? तिला वाचता येईल असे मराठी पुस्तक कोणते? त्यात मुंग्या वासाचा माग सोडत जातात हे सोपे करून सांगितले आहे का? की आधी तिला अंगणात नेऊन, रांगेवरून ओले बोट फिरवून काय होते ते पाहायला सांगावे आणि मग पुस्तक द्यावे? हे शिकवायला दोन वर्षे लागत नाहीत, पण शिकवावे मात्र लागते. शालेय ग्रंथालय हा विषय आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा 'ग्रंथालयांचे प्रकार' या प्रकरणातला एक परिच्छेद होऊन राहतो, असे आम्हाला वाटते.

मग मोजायचे काय?

तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तुलनेवाचून आपली उणीव कळत नाही. पण एकक बदलायला हवे. आमच्या मते कोणत्याही देशाच्या शिक्षणाला चार प्रश्न विचारावेत. विद्यार्थी येताना काय शिकून येतो? शिकताना त्याचा खऱ्या वाचकाशी किती संबंध येतो? त्याने काय शिकले हे शिकवणाऱ्या संस्थेबाहेरचे कोणी तपासते का? आणि शिकून झाल्यावर त्याच्यासाठी जागा आणि वेळ आहे का? पहिल्या प्रश्नात जर्मनी पुढे आहे, तिसऱ्यात अमेरिका आणि ब्रिटन, चौथ्यात फ्रान्स. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर देशागणिक नव्हे, संस्थेगणिक बदलते. एकच देश सगळ्यांत पुढे असे चित्र कुठेही दिसत नाही.

इफ्लाचा स्वतःचा विचारही या दिशेने सरकलेला दिसतो. तिने २०१२ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०२२ च्या तत्त्वांत ज्ञानाची आठ पायाभूत क्षेत्रे सांगितली आहेत. समाजातील माहितीचे स्थान, तंत्रज्ञान, साधनांचे व्यवस्थापन, वाचकांच्या गरजा, साक्षरता आणि शिकणे वगैरे. वर्षे मोजण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. आमची शंका एवढीच की आठ मथळे कोणत्याही अभ्यासक्रमाच्या कागदावर सहज लिहिता येतात. मथळा लिहिला म्हणजे शिकवले असे होत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको.

इथे विज्ञानाच्या शिक्षकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी. 'शिकलेला ग्रंथपाल असला की मुले जास्त शिकतात' याचा पुरावा म्हणून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातला १९९३ चा अभ्यास सांगितला जातो. कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. शालेय ग्रंथालयात माणसे आणि पुस्तके जास्त, तिथे मुलांचे वाचनातले गुण जास्त, असा संबंध त्यांना दिसला. श्रीमंत वस्तीतल्या शाळेत दोन्ही जास्त असणारच, हा आक्षेप त्यांना ठाऊक होता आणि आर्थिक परिस्थितीचा भाग वेगळा काढून त्यांनी हिशेब केला होता. तरीही हा संबंध आहे, प्रयोग नव्हे. काही शाळांना ग्रंथपाल दिले, काहींना दिले नाहीत आणि फरक पाहिला, असे झालेले नाही. म्हणून 'सिद्ध झाले' असे न म्हणता 'विचार करण्याजोगा पुरावा आहे' असे म्हणावे. आपली बाजू कितीही प्रिय असली तरी पुराव्यापेक्षा मोठ्याने बोलू नये.

कपाटाची किल्ली

आता परत आपल्या कपाटाकडे येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. शाळेत काय काय असले पाहिजे याची यादी त्यात आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके, गोष्टींची पुस्तकेसुद्धा, असावीत, असे ते सांगते. शंभराहून अधिक मुले असलेल्या उच्च प्राथमिक वर्गांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशकही त्याच परिशिष्टात आहेत. ग्रंथपाल मात्र त्यात कुठेच नाही. पुस्तके आहेत, ती देणारा माणूस नाही. जपानने निदान माणसाचे नाव लिहून मग 'तूर्त' म्हटले. आपण नावही लिहिले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की 'आपली पदवी अमेरिकेच्या तोडीची करा' ही मागणी चुकीच्या टोकापासून सुरू होते. आधी शाळेत जागा हवी. जागा मिळेपर्यंत जपानच्या कल्पनेतला चांगला भाग घेता येईल. ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकाला थोडे पण नेमके शिक्षण द्यायचे, आणि त्याच्या वेळापत्रकातले आठवड्याचे काही तास त्या कामासाठी मोकळे ठेवायचे. शिक्षण दिले आणि तास दिले नाहीत, तर जपानची पन्नास वर्षे आपण पुन्हा काढू. बी.एड. आणि डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात 'पुस्तक निवडणे आणि मुलाला देणे' असा एक छोटा प्रात्यक्षिक भाग ठेवायला तर पदवीचीही गरज नाही.

तोवर एक पाहणी प्रत्येक शाळेला करता येईल. खर्च काही नाही. देवघेवीचे रजिस्टर उघडावे आणि गेल्या महिन्यात मुलांनी नेलेली पुस्तके मोजावीत. विज्ञानाची किती, ती कोणत्या इयत्तेने नेली, आणि कपाटातली कोणती पुस्तके वर्षभरात एकदाही बाहेर पडली नाहीत, एवढे लिहून काढावे. मग हाच हिशेब शेजारच्या शाळेशी ताडून पाहावा. पटसंख्येने भागायला विसरू नये. ही तुलना खरी असेल, कारण दोन्हीकडे एकक एकच असेल: मुलाच्या हातात गेलेले पुस्तक.